वडधामणीचा आकडा

वडधामणीचा आकडा तीन निघाला तेव्हा कस्तुरी लोणारे नागपूरच्या निवास केंद्रात, तो काढणाऱ्या यंत्रापासून दोन खोल्या सोडून बसली होती. तरी तिला तो कळला आईच्या फोनवरून. नियमच तसा होता. निवास केंद्रातल्या कुणालाही स्वतःच्या गावाची फाइल उघडता येत नसे.

"तीन म्हंजे किती वं?" आई विचारत होती. "तीन टक्के का तीन महिने?"

"तीन वर्षं, आई."

मग आई म्हणाली, "तुह्या बाबाले सांगू का नको?"

"सांग. त्यांना कुठं पटणार आहे!"

निवासांक म्हणजे काय हे २०४७ सालच्या उन्हाळ्यात शाळेतली पोरंही सांगू शकत होती, पण तो कशावरून काढतात हे फार थोड्यांना ठाऊक होतं. माणूस उष्म्यात तग धरतो तो घामामुळं. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणून नुसता पारा किती चढला एवढं पाहून भागत नाही, घाम वाळेल की नाही हे पाहावं लागतं. ते मोजायची युक्ती जुनी आणि सोपी आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि त्याला वारा घालायचा. फडक्यातलं पाणी वाळतं, पारा उतरतो, आणि जिथं थांबतो ते 'ओलं तापमान'. हवा कोरडी असेल तर पंचेचाळीस अंशांच्या दुपारीही ओलं तापमान चोविसाच्या आसपास राहतं. पाणी पीत सावलीत बसलेला माणूस त्यातून निभावतो. हवा दमट असेल तर मात्र फडकं वाळत नाही आणि घामही वाळत नाही. ओलं तापमान पस्तिसाला पोचलं की सावलीत पंख्याखाली बसलेला धडधाकट माणूससुद्धा काही तासांत दगावतो. म्हातारे, तान्ही पोरं आणि उन्हात राबणारे लोक त्याच्या कितीतरी आधी.

नागपूरच्या केंद्रातलं यंत्र समुद्राचं तापमान, उपग्रहांची मोजणी, वाऱ्यांचा इतिहास आणि प्रत्येक गावातल्या हवामान-चौकीची नोंद एकत्र करून एकच प्रश्न सोडवत असे: या गावात उन्हाळ्यातले पाच दिवस ओलं तापमान सहा-सहा तास बत्तिसाच्या वर राहील, अशी वेळ किती वर्षांनी येईल? जे उत्तर येई तो त्या गावाचा आकडा.

आकडा पाचाच्या खाली गेला की गाव स्थलांतराच्या यादीत जाई. मग शाळेला नवा शिक्षक मिळत नसे, नव्या विहिरीला मंजुरी मिळत नसे, सोयरीक घेऊन कुणी दारात येत नसे. लोकांना शीतनगरात घरं मिळत. काचेच्या आत, बारा महिने सव्वीस अंशांत. सगळ्या घरांनी संमती दिली तर सगळं गाव एकाच शीतनगरात, शेजाराला शेजार ठेवून. एकानंही नाही म्हटलं तर जिथं जागा असेल तिथं, विखरून.

वडधामणीत एकशे बारा घरं होती. आठवडाभरात एकशे अकरा घरांनी सही केली. उरलेलं घर कस्तुरीच्या वडिलांचं, दिवाकर लोणारे सरांचं. गुरुवारी ग्रामसभा होती आणि ती शेवटची मुदत.

"तू ये," आई पुन्हा फोन करून म्हणाली. "लोकं आता घरी येऊन बसून रायले. आमच्या बचत गटातली बेबी तर रडून गेली काल. तुह्यं ऐकतीन ते."

ते कुणाचं ऐकतील तर कस्तुरीचं नक्कीच नाही, हे आईलाही माहीत होतं. गावात आणि फोनच्या गटांत लोकांचे दोन पक्ष पडले होते. तापमानवाढ गंभीर आहे म्हणणारे ते 'गरमवाले' आणि उगाच बाऊ केला जातोय म्हणणारे ते 'नरमवाले'. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले लोणारे सर नरमवाल्यांचे म्होरके होते. दोन वर्षांपूर्वी चुलत भावाच्या लग्नात त्यांनी मांडवातल्या माइकवरून सांगितलं होतं, "आमची लेक नागपूरले पोपटवाल्याकडं नोकरी करते. पोपट चिठ्ठी काढतो, ही वाचून दाखवते." मांडव हसला होता. कस्तुरी न जेवता निघून आली होती. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं आईच्या मार्फत चाले.

तिनं चार दिवसांची रजा टाकली आणि सोमवारी पहाटेच्या बसनं निघाली. दिवस चढल्यावर बस सुटतच नसत.

*

"या," सर ओसरीवरून म्हणाले. "सरकार आलं."

"मी रजेवर आलेय, बाबा."

"मग बस. पाणी पी आधी."

ती माठातलं पाणी प्यायली. आई घरात नव्हती. बचत गटाचं काम सकाळीच असतं, असं सर म्हणाले. कस्तुरीनं संमतीपत्र बाहेर काढून खाटेवर ठेवलं. आडपडदा ठेवून बोलायची तिला सवय नव्हती.

"एकशे अकरा घरांनी सही केली. तुमच्या एका नकारामुळं बेबीकाकू एकीकडं जाईल आणि तिच्या लेकी दुसरीकडं."

"माझ्यामुळं काऊन? तुमच्या यंत्रामुळं."

"म्हणजे अजून तेच तुमचं, 'आमच्या लहानपणीही सत्तेचाळीस व्हायचं.'"

"व्हायचंच."

"वर्षातून दोन दिवस व्हायचं, बाबा. गेल्या साली अठरा दिवस झालं. तुम्ही बघता आहात."

"बघून राहिलो. मी आंधळा नाही, कस्तुरी. गरम होऊन राहिलं नाही असं मी म्हणत नाही."

"दोन वर्षांपूर्वी म्हणत होता. माइकवर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तेव्हा जास्त बोललो," ते म्हणाले.

कस्तुरी या वाक्याची दोन वर्षं वाट पाहत होती आणि ते असं चष्मा पुसता पुसता येऊन गेलं.

"पण हे तीन मले पटत नाही," सर पुढं म्हणाले. "मोठ्या गोष्टी तू मले सांगशील आणि मी हरेन. तू माझी बनियान पाहा."

"काय पाहू?"

अंगणातल्या तारेवर एक पांढरी बनियान लटकत होती. "तू आली तेव्हा पिळून टाकली. हात लावून ये."

तिनं लावला. बनियान खडखडीत वाळली होती.

"तुमचा आकडा म्हणते की वडधामणीची हवा दमट झाली. चौकीवर एकोणतीस, तीस ओलं तापमान येऊन राहिलं. मग ही बनियान चहा व्हायच्या आत कशी वाळली? घामातलं पाणी वाळत नाही आणि बनियानीतलं वाळते? दोन्हीत पाणी एकच ना, बेटा?"

"तुमची बनियान एका बाजूला आणि जगभरचे उपग्रह एका बाजूला?"

"उपग्रह माह्या अंगणात नाही. बनियान आहे."

कस्तुरी पाय आपटत आतल्या खोलीत गेली. तिला राग आला होता तो उत्तर न सापडल्याचा. संशयवाद्यांना द्यायची उत्तरं तिला तोंडपाठ होती. पण हा प्रश्न त्यातला नव्हता. तो पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पडायला हवा असा सरळ प्रश्न होता, आणि तो केंद्रात कुणालाच पडला नव्हता.

अकरा वाजता तिनं बॅगेतून हातात धरायचा मापक काढला. अंगणात, लिंबाच्या सावलीत, दहा मिनिटं धरून उभी राहिली. ओलं तापमान सव्वीस पूर्णांक एक. मग फोनवर गावच्या चौकीची चालू नोंद पाहिली. तिथं एकोणतीस पूर्णांक सात होतं.

चौकी घरापासून तीनशे पावलांवर, ग्रामपंचायतीच्या मागं. तीनशे पावलांत साडेतीन अंशांचा फरक निसर्ग करत नाही.

तिनं केंद्रप्रमुख मेश्राम मॅडमना फोन लावला.

"तुझ्याच गावाबद्दल बोलतेयस हे लक्षात आहे ना?" मॅडम म्हणाल्या.

"आहे. म्हणूनच मी काही ठरवत नाही, फक्त वाचून दाखवतेय. सव्वीस एक आणि एकोणतीस सात."

"पंचायतीचा कूलर चौकीवर वारा टाकत असेल. दमट वारा."

कस्तुरीनं क्षणभर विचार केला. "कूलर असता तर ओलं तापमान हललंच नसतं, मॅडम. कूलरमधलं पाणी वाळतं ते हवेतलीच उष्णता घेऊन. हवा दमट होते, पण तेवढीच थंडही होते. जमाखर्च सारखा. ओलं तापमान तिथंच राहतं. इथं दमटपणा वाढलाय आणि हवा थंड झालेली नाही. पाणी कुठूनतरी येतंय आणि ते वाळवायला उष्णता हवेतून नाही, दुसरीकडून येतेय."

"म्हणजे थेट उन्हातून?"

"तसंच दिसतंय. जाऊन बघते."

"अकरा वाजून गेलेत. नियम काय आहे?"

मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, अकरा ते पाच या वेळात केंद्राच्या माणसानं उघड्यावर काम करायचं नाही. सात वर्षांपूर्वी एक तरुण निरीक्षक उन्हात कोसळला, तेव्हा कस्तुरीनंच तो नियम लिहिला होता. चांगलाच नियम होता. फक्त त्याचा अर्थ असा झाला होता की उन्हाळ्याच्या भर दुपारी वडधामणीची चौकी केंद्रातल्या एकाही माणसानं पाहिलेली नव्हती.

"मी रजेवर आहे," ती म्हणाली आणि ओढणी डोक्याला घट्ट बांधून निघाली.

*

पंचायतीचा कोपरा ओलांडला आणि ती थांबली.

चौकीला कमरेच्या वर जाळीचं कुंपण होतं, हे तिला माहीत होतं. आता त्या कुंपणावर बांबू उभे करून तिन्ही बाजूंनी पारदर्शक प्लास्टिक ताणलेलं होतं आणि वर मच्छरदाणीचं कापड. आत जमिनीवर इंचभरही जागा मोकळी नव्हती. प्लास्टिकच्या ताडपत्र्या, आणि त्यांवर पांढऱ्या, ओल्या, नक्षीदार कुरडया. शेकड्यांनी. मधोमध, चार फूट उंचीच्या दांड्यावर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत बसलेला केंद्राचा मापक. त्याच्या अगदी पायाशी पातेल्यातून वाफाळता चीक सोऱ्यात भरत तिची आई बसली होती.

"अवं माय! कस्तू आली!" बेबीकाकू ओरडली. "ये, ये. चीक खातं का गूळ घालून? गरम आहे."

कस्तुरी कुंपणाच्या दाराशी उभी राहिली. आतून ओली ऊब तिच्या तोंडावर आली, नुकतीच अंघोळ झालेल्या न्हाणीघरासारखी.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही हे इथं कधीपासून वाळवता?"

"चौकी झाली तेव्हापासून. आमच्या गटाकडंच तर आहे देखभाल. चाबी माह्याजवळच असते." आईनं अभिमानानं आजूबाजूला पाहिलं. "अशी जागा गावात दुसरी नाई. कुत्रं येत नाई, बकरी येत नाई. माकडं यायची, म्हणून वरून कापड लावलं. धूळ येते म्हणून प्लास्टिक लावलं."

"रोज?"

"चैत-वैशाखात रोज. सकाळी झाडून घेतो, सहाले तुमच्या हापिसाचा फोटू काढून धाडतो, मंग ताडपत्र्या टाकतो. चारले उचलून घेतो. कागदावर लिहिलंच आहे ना, कुंपणात घाण नको, जनावर नको. एक पान पडू देत नाई आम्ही."

रोज सकाळी सहाचा फोटो. झाडलेलं, मोकळं, नमुनेदार कुंपण. तो फोटो कस्तुरीनं स्वतः शिबिरात इतर गावांना दाखवला होता: देखभाल अशी हवी.

"पहिल्या वर्षी किती केल्या होत्या?"

"घरापुरत्या. चार पायल्या गहू."

"आणि मग?"

"मंग वर्ध्याचा दुकानदार मागायले लागला," बेबीकाकू बोटं मोजू लागली. "मंग नागपूर. मंग पुण्याची लोकं. दर साली वाढतच चाललं, बाप्पा. औंदा तर दुबईले चालल्या वडधामणीच्या कुरोड्या!"

चौकीची सहा वर्षांची नोंद कस्तुरीनं कधी पाहिली नव्हती, तिला पाहताच आली नसती, पण ती कशी दिसत असेल हे तिला आता डोळ्यांसमोर दिसत होतं. एप्रिल-मे, सकाळी दहा ते दुपारी तीन, दर वर्षी थोडं जास्त. सरळ वर जाणारी रेघ. उन्हानं ताडपत्री तापत होती, ताडपत्रीनं कुरड्यांतलं पाणी वाळत होतं, आणि प्लास्टिकच्या आत ती वाफ वाऱ्याला न सापडता मापकाभोवती साचत होती. उष्णता सूर्याची, पाणी गव्हाच्या चिकाचं. यंत्रानं चोख काम केलं होतं. त्यानं कुरड्यांची वाढती मागणी मोजली होती आणि ती पुढं ताणून सांगितलं होतं की तीन वर्षांनी इथं माणूस जगणार नाही.

तिला हसू येऊ लागलं. मग तिनं आईचं तोंड पाहिलं आणि हसू गिळलं.

"काय झालं वं?" आईनं सोऱ्या खाली ठेवला. "आमचं काई चुकलं का?"

कस्तुरीनं सांगितलं. शक्य तितक्या सोप्या शब्दांत, घाई न करता. बेबीकाकूच्या हातातला चमचा चिकात बुडून गेला.

"म्हंजे," आई म्हणाली, "आमच्यानं गाव उठून रायलं होतं?"

"तुमच्यानं नाही. तुम्ही सांगितलं ते सगळं केलंत. कुंपणात काही वाळवू नका, असं आम्ही कुठं लिहिलं होतं? आणि दुपारी येऊन बघायचं नाही, हा नियम तर माझाच. अर्धी चूक माझी धर."

"आन बाकी अर्धी?" बेबीकाकूनं विचारलं.

"दुबईची."

बेबीकाकू आधी हसली, मग पदर तोंडाला लावून रडली, मग परत हसली.

"पण हे बघा," कस्तुरी म्हणाली, "आकडा तीन नाही एवढंच मला कळलंय. किती आहे ते नाही कळलं. तो आठही निघेल. आठ निघाला तर सुटलो असं नाही."

*

मेश्राम मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एक मोठा श्वास सोडला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा हेच म्हणते, बरं झालं. आता काम. कुंपण रिकामं करा, प्लास्टिक काढा. मंगळवार-बुधवारची नोंद मी इथून घेते. तू मापकाला हात लावायचा नाहीस, जवळही जायचं नाहीस. सहा वर्षांतली चैत्र-वैशाखाची नोंद बाद करून, शेजारच्या तीन चौक्या धरून यंत्र पुन्हा चालवते. गुरुवारी सकाळी आकडा मिळेल."

"आणि कारण काय लिहायचं?"

"उपकरणातला दोष."

"उपकरणात दोष नव्हता, मॅडम."

"कस्तुरी, मला ते कळतं. पण उद्या सगळीकडं काय फिरेल ते तुलाही कळतं. तापमानवाढ म्हणजे कुरडया. वीस वर्षं आपण लोकांना पटवतोय, आणि नरमवाले एका ओळीत सगळं उडवतील. त्यात तुझे वडील पुढं असतील."

हे कस्तुरीच्या मनात आलेलं होतंच. मांडव, माइक, हसणारी माणसं. या वेळी तर त्यांच्या हातात खरंखुरं हत्यार असणार होतं, आणि ते तिनंच नेऊन द्यायचं होतं. दोष उपकरणाचा म्हटलं तर गावही वाचत होतं आणि तिचाही मान राहत होता.

"बचत गटांकडं किती चौक्या आहेत?" तिनं विचारलं.

"बेचाळीस."

"म्हणजे उरलेल्या एक्केचाळीस कुंपणांत दुपारी काय वाळतंय ते आपल्याला माहीत नाही. कुणी मिरची वाळवत असेल, कुणी धुणं. एखाद्या ठिकाणी कुणी झाडाला पाणी घालून सावली केली असेल आणि तिथला आकडा खोटा मोठा आला असेल. त्या गावाला वीस सांगितलंय आणि खरे सहाच असतील. उपकरणातला दोष म्हटलं तर एक मापक बदलतील आणि गप्प बसतील. ती गावं कोण बघणार?"

पलीकडं यादीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"लिही," मॅडम म्हणाल्या. "जसं घडलं तसं लिही. नाचू दे त्यांना."

कस्तुरीनं फोन ठेवला आणि ओसरीवर गेली. सरांना तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. कुरडया, प्लास्टिक, सहाचा फोटो, सगळं. ते मांडीवर हात ठेवून ऐकत राहिले. तिनं शेवटी म्हटलं, "तुमची बनियान बरोबर होती."

ती टोमण्याची वाट पाहत होती. सर म्हणाले, "तुही माय कुठं आहे?"

"स्वयंपाकघरात. रडतेय."

ते उठून आत गेले. आतून त्यांचा आवाज आला, "रंजना, अवं कायले रडतं? पस्तीस वर्षं पोरांना बाष्पीभवन शिकवलं म्या, आन् माह्याच बायकोचं बाष्पीभवन मले दिसलं नाही. कोणी रडायचं म्हणशील तर म्या."

*

मंगळवारी चौकीवर सव्वीस पूर्णांक चार आलं. बुधवारी पंचवीस पूर्णांक आठ. घरोघरी लोक फोनवर ती नोंद पाहत होते, जशी पूर्वी क्रिकेटची धावसंख्या पाहायचे. कस्तुरीला दोन दिवस घास गोड लागला नाही. सहा निघाला तर? नऊ निघाला तर? तिला स्वतःच्या मनाची गंमत वाटली. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गावांचे आकडे तिनं नुसते पाठवून दिले होते.

गुरुवारी सकाळी साडेसातला, ग्रामसभेच्या अर्धा तास आधी, मेश्राम मॅडमचा फोन आला. त्यांनी नमस्कार वगैरे काही केलं नाही.

"एकोणतीस," त्या म्हणाल्या.

कस्तुरी खाली बसली. अंगणातच, सारवलेल्या जमिनीवर. आईनं विचारलं, "कितीक?" आणि कस्तुरीनं बोटांनी दोन दाखवले आणि मग नऊ. आईनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. दहा मिनिटांत गावाला कळलं. कुणीतरी शाळेची घंटा वाजवली आणि वाजवतच राहिलं. बेबीकाकू धावत आली आणि कस्तुरीला उठवून तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडत म्हणाली, "माह्या नातीचं लगन मंग या अंगणातच होते. पाहशीन तू."

सभेला कधी नव्हे ती गर्दी झाली. नरमवाल्यांचा प्रवीणभाऊ तालुक्याहून मोटारसायकलवर आला होता आणि फोन उंच धरून सगळं थेट प्रक्षेपित करत होता.

"बोला सर!" त्यानं माइक लोणारे सरांच्या हातात दिला. "आज तुमचा दिवस. सांगा जगाले, सगळं थोतांड आहे म्हणून. कुरोड्यांनी यंत्र हारवलं!"

लोक हसले, टाळ्या झाल्या. कस्तुरी मागच्या रांगेत आईजवळ उभी होती. बाबांना माइक मिळाला की काय होतं ते तिला माहीत होतं.

सर उभे राहिले. हसू थांबेपर्यंत थांबले, वर्गात थांबायचे तसे.

"यंत्र चुकलं होतं," ते म्हणाले. "चूक कोणं शोधली? माह्या लेकीनं. ती यंत्रवालीच आहे. तिले गप्प राहता आलं असतं. मी तिच्या जागी असतो आणि बाप माह्यासारखा असता, तर मी राहिलो असतो."

प्रवीणभाऊचा फोन किंचित खाली आला. "सर, पण तापमानवाढ—"

"थांब ना, बाबू. माझं चालू आहे." ते गर्दीवरून नजर फिरवत मागच्या रांगेपर्यंत आले. "कस्तुरी, एकोणतीस बरोबर आहे का?"

सगळ्या माना मागं वळल्या.

"शेजारच्या तीन चौक्यांशी जुळतो," ती म्हणाली. "जग आज चाललंय तसंच चालत राहिलं तर एकोणतीस. सुधारलं तर वाढेल."

"अन् बिघडलं तर?"

"तर कमी होईल."

"कितीनं इकडं-तिकडं?"

गेल्या दोन वर्षांत बाबांनी तिच्या कामाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता, ज्याचं उत्तर त्यांना आधीच ठाऊक नव्हतं.

"पाच वर्षं. चोवीस ते चौतीस."

सर पंचायतीच्या भिंतीवरच्या फळ्यापाशी गेले. तिथं वर 'वडधामणी' असं लिहून खाली आदल्या आठवड्यात कुणीतरी खडूनं मोठा तीन काढला होता. त्यांनी तो पुसला. प्रवीणभाऊ म्हणाला, "चौतीस लिहा सर, चौतीस!" आणि दोन-चार जणांनी त्याला साथ दिली.

सरांनी खडू उचलला आणि चोवीस लिहिलं.

"हे धरून चालू," ते म्हणाले. "मी तेव्हा नसेन. तुम्ही असाल." त्यांनी हातावरची खडूची भुकटी झटकली. "चोवीस वर्षं लई असतात. आधी शाळेचं छत घेऊ. पत्रा काढून काय घालायचं, ते कस्तुरी सांगेल. ये बेटा, समोर ये."

गर्दीनं वाट करून दिली, आणि कस्तुरी पुढं गेली.